ज्ञानविस्तार आणि नावल : मराठी कथाटीकेचे एक विस्मृत नाते

मराठी कादंबरीवरील टीकेचा इतिहास सामान्यतः कादंबऱ्यांच्या अनुक्रमाने सांगितला जातो. ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) आणि मग हरिभाऊ आपटे, अशी ही परिचित वाट आहे. परंतु ही टीका ज्या मासिकांच्या आश्रयाने वाढली, त्यांच्या घडणीकडे पाहिले म्हणजे वेगळेच चित्र दिसते. तेथे नव्या कथेचा परामर्श आणि नव्या शास्त्रांचा परिचय शेजारीशेजारी नांदत होते. या शेजारानेच मराठी कथाटीकेला तिचे पहिले माप दिले, आणि तिची पहिली मर्यादाही दिली.

‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० मध्ये निघाले आणि १८६७ मध्ये संपले. त्याच १८६७ साली ‘विविधज्ञानविस्तार’ सुरू झाले. या नावातच एक भूमिका होती. भाषा, इतिहास, शास्त्र आणि कथा ही एकाच ज्ञानाची अंगे आहेत, असा विश्वास तिच्यामागे होता. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी याच मासिकातून क्रमशः वाचकांपुढे आली.

हा काळ केवळ छापखान्याचा नव्हता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत सुमारे ३४ किलोमीटर आगगाडी धावली आणि १८६३ मध्ये लोहमार्ग बोरघाट चढून गेला. दळणवळणाची, व्यापाराची आणि सोवळ्याओवळ्याचीही गणिते बदलू लागली. आणि तरीही, घाट खुला झाल्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, ‘मंजुघोषे’चे कर्ते नारो सदाशिव रिसबूड यांनी प्रस्तावनेत असा युक्तिवाद केला, की आपल्या लोकांच्या रीतिभातींमुळे त्यांच्या आयुष्यात मनोरंजक असे फारसे काही घडत नाही, म्हणून कादंबरीकाराला अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो. अद्भुत दाराशी येऊन शिटी वाजवीत असता लेखक ते राजपुत्रांच्या उद्यानात शोधीत होता, हा त्या काळाचा मोठाच विरोधाभास होय.

या भूमिकेला उत्तर मिळाले ते १८७२ मध्ये. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांविषयीच्या आपल्या निबंधात तत्कालीन कादंबऱ्यांच्या असंभाव्यतेवर प्रखर टीका केली. कथा मनुष्यस्वभावाला आणि जगाच्या अनुभवाला धरून असावी, हा त्यांचा आग्रह होता. हे माप केवळ इंग्रजी साहित्यशास्त्रातून आले असे मानणे अपुरे ठरेल. कार्याला कारण हवे, आणि कारणाला निरीक्षणाचा आधार हवा, ही सवय दोन दशके शास्त्रविषयक लेखांनी वाचकांत रुजविली होती. शास्त्राच्या पानावर जी शिस्त लागली, तीच कथेच्या पानावर न्यायासनावर बसली.

परंतु या मापाला एक उणीव होती. जे घडलेले नाही आणि जे घडू शकत नाही, यांतील भेद त्याला नीटसा करता येत नव्हता. त्याची कसोटी पाहणारे पुस्तक परदेशातून आले. १८८६ मध्ये कोचीनहून निघालेले कृष्णाजी नारायण आठल्ये यांचे ‘केरळकोकिळ’ हे मासिक आपल्या पुस्तकपरीक्षणांमुळे मराठी वाचकांत गाजले. त्याच मासिकात १९०० मध्ये ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाच्या कथेचा अनुवाद आला. नऊशे फूट लांबीच्या तोफेतून माणसे चंद्राकडे सोडणे ही गोष्ट मराठे यांच्या कसोटीस उतरणारी नव्हती. पण तिच्यातील प्रत्येक पायरीमागे हिशेब होता. कल्पना मुक्त असूनही कार्यकारणभाव सांभाळू शकते, हे त्या कथेने दाखविले. हा भेद टीकेला मान्य व्हायला मात्र फार काळ जावा लागला.

तोवर दोन्ही पाने अलग झाली होती. १९२८ मध्ये ‘सृष्टिज्ञान’ केवळ विज्ञानासाठी निघाले. १९३३ मध्ये ‘सत्यकथा’ सुरू झाले आणि पुढे नवकथेचे व रूपविचाराचे केंद्र बनले. या विभागणीने दोहोंचा दर्जा वाढला, यात शंका नाही. पण यंत्र माणसाचे नाते, श्रम आणि भय कसे बदलते, हा प्रश्न कोणाच्याच अंगणात राहिला नाही. विज्ञानाने त्याला कथा म्हणून सोडले, टीकेने विज्ञान म्हणून.

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. स्पर्धा भरविणारी संस्था विज्ञानाची होती, वाङ्मयाची नव्हती, ही गोष्ट सूचक आहे. पुढे २०१४ मध्ये साहित्य अकादमीने त्यांचा गौरव केला, तो आत्मचरित्रासाठी. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. लेखकाचा सन्मान झाला. त्याच्या कथाप्रकाराचे वाङ्मयीन मूल्यमापन अद्याप तुरळकच आहे.

जुन्या मासिकांचे ज्ञान आज कालबाह्य झाले आहे आणि त्यांची परीक्षणेही पुष्कळदा भाबडी वाटतात. तथापि कादंबरी वाचणाऱ्याने आपल्या काळातील यंत्रेही वाचली पाहिजेत, ही त्यांची अपेक्षा भाबडी नव्हती. ती सोडल्यावर टीका अधिक सूक्ष्म झाली. पण ज्या जगात कथा लिहिली जाते, त्या जगाचा एक मोठा भाग तिच्या दृष्टीआड गेला.