शेतवस्तीवरची रात्र : दरोडेखोरांपासून बचाव आणि कायद्यानं दिलेला हक्क

शेतीपंपाची वीज बऱ्याच भागात रात्रीच येते. मग घरातला कर्ता माणूस आणि थोरला मुलगा दारे धरायला रानात जातात. वस्तीवर मागं उरतात अम्मी, सून, दोन लेकरं, एक कुत्रं आणि गोठ्यातली जनावरं. शेजारचं घर हाकेच्या अंतरावर नाही, मधे उसाचं रान. पोलीस ठाणं वीस-पंचवीस किलोमीटरवर. रमजानमध्ये हाच प्रकार तरावीहच्या वेळी होतो, पुरुष गावातल्या मशिदीत आणि वस्ती दीड-दोन तास मोकळी. चोराला घड्याळ दाखवावं लागत नाही, आपला दिनक्रम त्याला आपल्यापेक्षा चांगला माहीत असतो.

केबल, स्टार्टर, मोटर, चाळीतला कांदा, बकरी ईदच्या आधी पोसलेले बोकड, या चोऱ्या आपल्याकडे रोजच्या झाल्यात. त्यात माल जातो, माणूस वाचतो. पण वस्तीवर टोळी चालून आली की प्रश्न मालाचा राहत नाही. जानेवारी २००१ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या कोठेवाडीत दरोडेखोरांनी लूटमारीबरोबर बायाबापड्यांवर जे अत्याचार केले, ते अख्ख्या महाराष्ट्रानं वाचलं. त्या भागातली जुनी माणसं आजही रात्री आठला आतून कडी लावतात. या लेखात दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आधी घर आणि माणूस कसा सांभाळायचा, आणि मग हात उचलायची वेळ आलीच तर कायदा कुठपर्यंत आपल्या बाजूनं उभा राहतो.

चोराला अडचण करा

दरोडेखोराला तीन गोष्टी नको असतात : उजेड, आवाज आणि वेळ. आपली सगळी तयारी या तिघांभोवती असावी.

अंगणात आणि गोठ्याच्या तोंडाशी सोलरचा दिवा लावा. मेन लाईनवरचा एकटा बल्ब उपयोगाचा नाही, टोळी आधी तीच वायर तोडते. हालचाल दिसताच पेटणारे सोलर दिवे आता तालुक्याच्या बाजारातही मिळतात. कुत्री दोन असावीत आणि अनोळखी माणसाच्या हातचं न खाणारी असावीत. निदान रात्री आपण खायला घालून मगच सोडावीत. गिनी फाउल म्हणजे चित्रासारखे ठिपके असणाऱ्या कोंबड्या ज्यांनी पाळल्यात त्यांना ठाऊक आहे, परका माणूस दिसला की त्या कुत्र्याच्या आधी कल्ला करतात.

दार हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. पत्र्याच्या दाराला बाहेरून मोठं कुलूप आणि आतून करंगळीएवढी कडी, असं आम्ही कितीतरी घरांत पाहिलं आहे. आतून आडवा लोखंडी अडसर टाका. एक खोली अशी ठेवा जिचं दार जाड आहे, खिडकीला गज आहेत आणि जिथं मोबाईलला रेंज येते. आवाज झाला की बायका-लेकरांनी तिथं जाऊन आतून बंद करून घ्यायचं. हे आधी दोनदा करून पाहायला हवं, कारण भीतीनं हातपाय गळाले की नवीन काही सुचत नाही. लहान मुलांना तो खेळ वाटेल, वाटू द्या.

त्या खोलीत एक शिट्टी, बॅटरी, पॉवर बँक आणि हातानं वाजवायचा भोंगा असू द्या. फोनमध्ये ११२ शिवाय पोलीस ठाणं, पोलीस पाटील आणि शेजारच्या तीन वस्त्यांचे नंबर वर ठेवा आणि भिंतीवरही लिहा. ११२ ला फोन लागल्यावर 'लवकर या' यापेक्षा 'अमक्या गावाच्या शिवारात, तमक्या रस्त्यानं, कॅनॉलच्या पुलापासून डावीकडे' हे जास्त कामाचं. घरातल्या सुनेला आणि दहा वर्षांच्या पोरालाही हा पत्ता सांगता यायला हवा. गाडीनं येणाऱ्या पोलिसाला तुमचा गट नंबर कळत नाही.

पुणे, नाशिक, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पोलिसांनी ग्रामसुरक्षा यंत्रणा सुरू केली आहे. ठरलेल्या टोल फ्री नंबरवर आपण बोललो की तोच आवाज नोंदणी केलेल्या सगळ्या गावकऱ्यांच्या फोनवर एकाच वेळी जातो. तुमचं गाव त्यात आहे का, तुमच्या घरातले नंबर त्यात आहेत का, हे ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलाकडे विचारून घ्या. वस्तीवरची कुटुंबं गावात कमी जातात, म्हणून नोंदणीत हमखास राहून जातात. गावातला भोंगाही कामाला येतो. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद असतो, पण ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत सार्वजनिक आणीबाणीचा अपवाद आहे. मशिदीचा आणि देवळाचा भोंगा अशा वेळी कोण वाजवणार आणि काय बोलणार, हे पोलीस ठाण्यात बसून एकदा ठरवून घेतलं तर उद्या कुणी वेगळा अर्थ काढणार नाही.

तरावीहचं म्हणाल तर पाळी लावणं एवढाच उपाय. चार वस्त्यांतले दोन पुरुष आलटून पालटून मागं राहिले आणि त्यांनी घरीच नमाज पढली तर चालतं. गावातले आलिम याला हरकत घेतील असं आम्हाला वाटत नाही.

आणि पैसा. कांदा-सोयाबीनची पट्टी शक्यतो खात्यावरच घ्या. रोख घेतली तरी चहाच्या टपरीवर मोजू नका. लग्नघरातले दागिने लॉकरमध्ये ठेवले तर भाडं पडतं हे खरं, पण ते कमी पडतं.

समोर टोळी आलीच तर

पाच माणसं कुऱ्हाडी घेऊन दारात उभी असताना एकट्यानं भिडणं ही मर्दुमकी नाही. माल मागत असतील तर माल द्या. कानातलं ओरबाडून घेण्याआधी काढून द्या. चेहऱ्याकडं टक लावून बघू नका, पण बोली, चप्पल, हातावरचं गोंदण, गाडीचा आवाज लक्षात ठेवा. लढायचं ते तेव्हा, जेव्हा जीव किंवा अब्रू जाणार हे दिसतं आणि पळायला वाट नसते. अशा वेळी अर्धवट मारू नये. जे हातात येईल त्यानं मोकळं होऊन अंधारात, उसात, शेजारच्या वस्तीकडे पळावं.

मिरची पूड सगळे सुचवतात. वारा उलटा असेल तर ती आपल्याच डोळ्यांत जाते, शिवाय बंद खोलीत लेकरांचे हाल होतात. लांब दांड्याची काठी बरी, ती समोरच्याला अंतरावर ठेवते. आपल्याकडं मोहरमच्या तालमीत लाठी फिरवणारी पोरं पुष्कळ आहेत, पण ढोलाच्या तालावर मोकळ्या चौकात फिरवणं वेगळं आणि पत्र्याच्या पडवीत दोन माणसं अंगावर येत असताना एक सरळ ठोसा मारणं वेगळं. तालमीच्या वस्तादांनी मुलींना आणि बायकांनाही हे दुसरं शिकवलं तर फार बरं होईल.

तलवारीचा विचार डोक्यातून काढा. शस्त्र नियमांनुसार तलवार, भाला, गुप्ती आणि नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं विनापरवाना ठेवता येत नाहीत. घरगुती आणि शेतीकामाची अवजारं त्यातून वगळली आहेत, म्हणून घरात कोयता, विळा, कुऱ्हाड असणं गुन्हा नाही. तोच कोयता मोटरसायकलला अडकवून बाजारात नेला आणि जमावबंदीचा किंवा शस्त्रबंदीचा आदेश चालू असला तर मात्र गुन्हा होतो. बंदुकीचा परवाना पिकाच्या आणि स्वतःच्या रक्षणासाठी शस्त्र अधिनियम १९५९ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे मागता येतो. मिळायला वेळ लागतो, निवडणुकीत हत्यार जमा करायला लावतात, आणि बहुतेक घरांत ते ऐन वेळी कपाटातच राहतं. आमचं मत विचाराल तर तो खर्च दारावर आणि दिव्यावर करावा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. कुंपणाच्या तारेत मेन लाईनचा करंट सोडू नका. रानडुकरासाठी लावलेल्या अशा तारांनी शेजारी, गुराखी आणि घरचीच माणसं मेली आहेत. चोरासाठी लावला होता, हा बचाव कोर्टात टिकत नाही आणि सदोष मनुष्यवधाचा गुन्हा अंगाला चिकटतो. सोलरचं झटका मशीन वेगळं, ते क्षणभराचे धक्के देतं आणि जीव घेत नाही. कुंपण हवंच असेल तर कंपनीचं तयार मशीन आणि त्यावर पाटी.

कायदा कुठपर्यंत सोबत आहे

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खासगी संरक्षणाचा हक्क पूर्वी कलम ९६ ते १०६ मध्ये होता, आता तो ३४ ते ४४ मध्ये आहे. आशय तोच. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचं, तसंच चोरी, जबरी चोरी, नासधूस आणि घुसखोरीपासून मालमत्तेचं रक्षण करताना केलेली कृती गुन्हा ठरत नाही.

या हक्काला मर्यादा आहेत आणि त्या कलम ३७ मध्ये आहेत. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही, आणि बचावाला लागते त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. हल्लेखोराचा जीव गेला तरी गुन्हा होणार नाही असे प्रसंग कलम ३८ आणि ४१ मध्ये मोजून दिले आहेत. शरीराच्या बाबतीत : जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला वगैरे. मालमत्तेच्या बाबतीत : जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल साठवलेल्या जागेला आग लावणं, आणि अशी चोरी किंवा घुसखोरी की जिला विरोध केला तर जीव जाईल असं वाटावं.

आता हे रानात आणून बघू. दुपारी कुणी बोकड उचलून पळतोय. त्याला अडवा, पाडा, बोकड सोडवून घ्या, यात थोडंफार लागलं तरी कायदा समजून घेतो. त्याच्या डोक्यात मुद्दाम कुऱ्हाड घालता येत नाही. रात्री दोनला टोळी कडी तोडून आत आली आणि तुम्ही पहारीनं वार केला, यात तुमची बाजू भक्कम आहे. तीच टोळी पळाली, एक जण चिखलात पडला, गावानं त्याला खांबाला बांधून सकाळपर्यंत मारलं आणि तो मेला, तर तो खून आहे. बांधल्यावर संरक्षणाचा हक्क संपतो.

सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली. तो वादही शेतातल्या मारामारीचा होता. जिवावर बेतलेला माणूस आपला वार तराजूत तोलून मारू शकत नाही हे न्यायालयानं मान्य केलं, आणि हा हक्क सूड घेण्यासाठी नाही हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. आपल्या फिक्हच्या किताबांतही हल्लेखोराला परतवताना हलक्या उपायापासून सुरुवात करायला सांगितलं आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल.

पकडलेल्या माणसाचं काय करायचं तेही लिहून ठेवलंय. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूस पकडू शकतो, मात्र विनाकारण वेळ न घालवता आणि फार तर सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०.

अफवा

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून गावानं पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागून खाणारे. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचलेत चोर समजून दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारला गेला. दोन्हीकडे आधी मोबाईलवर अफवा फिरत होत्या आणि गावं रात्र-रात्र जागत होती. म्हणजे आपण वर सांगितली तशीच गस्त, फक्त तिला लगाम नव्हता.

म्हणून गस्त घालायची तर पोलीस ठाण्यात नावं देऊन घाला. काठी आणि बॅटरी एवढंच बरोबर ठेवा. परका माणूस दिसला तर त्याला बसवा, पाणी द्या, ओळख विचारा, फोन करा. मेंढपाळ, पारधी, गुरांचे व्यापारी, भंगार गोळा करणारे यांच्याकडं बोट आधी जातं. १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, गावाच्या डोक्यातून पुसला गेला नाही. नुसत्या नावावरून किंवा दाढीवरून संशय घेतला की काय वाटतं, हे आपल्या घरांत कुणाला सांगायला नको. गस्तीच्या ग्रुपवर तरी आपण तसा मेसेज पुढं ढकलू नये.

घटना घडून गेल्यावर

कितीही वाटलं तरी घर झाडू नका. फुटलेली कडी, सांडलेले डबे, पायाचे ठसे पंचनाम्यापर्यंत तसेच राहू द्या. जखमी माणसाला सरकारी दवाखान्यात न्या आणि कसं लागलं ते केसपेपरवर लिहायला सांगा. आपल्या हातून हल्लेखोराला लागलं असेल तर ते लपवू नका. पोलिसांना पहिल्याच जबाबात सांगा, कारण स्वतःचा बचाव करत होतो हे दाखवायची जबाबदारी आपल्यावर येते आणि सहा महिन्यांनी आठवलेली गोष्ट कुणी मानत नाही.

हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होतो. कलम १७३ नुसार ऑनलाईनही तक्रार देता येते, मग तीन दिवसांत जाऊन सही करायची. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. ठाण्यात घेतच नसतील तर तीच तक्रार लिहून पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर, मोटरचा नंबर, दागिन्यांचे फोटो, मोबाईलचा आयएमईआय हे आधीच एका वहीत असेल तर तक्रार दहा मिनिटांत होते आणि सापडलेला माल ओळखता येतो.

फार थोड्यांना माहीत असलेली आणखी एक गोष्ट. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याचा किंवा त्याच्या घरातल्या एका सदस्याचा खून झाला तरी वारसांना दोन लाख रुपये मिळतात. दोन हात, दोन पाय किंवा दोन डोळे गमावले तरी तेवढीच रक्कम मिळते, एक अवयव गेला तर एक लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, सातबारा आणि एफआयआर जोडून. मुदत तीस दिवसांची आहे आणि ते दिवस मयतीच्या घरात कसे जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा हा कागद शेजाऱ्यांनी किंवा जमातीतल्या एखाद्या जाणत्या माणसानं पहिल्या आठवड्यातच भरून द्यावा.