सक्ती, स्वेच्छा आणि शिपाई

मालवणच्या बंदरावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ साली त्याचा पाया घातला गेला. ह्या किनाऱ्याने शिवछत्रपतींच्या आरमाराला खलाशी दिले आणि पुढे इंग्रजांच्या मुंबई फौजेला शिपाई दिले. पहिल्या महायुद्धात इथला तरुण मेसोपोटेमियात गेला, तो आपखुशीने की सक्तीने? आज ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

कायद्याचे उत्तर सरळ आहे. १९१६ साली इंग्लंडात सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. हिंदुस्थानात १९१७ च्या संरक्षणदलाच्या कायद्याने सक्ती आली ती इथल्या युरोपियनांवर. हिंदी माणसाची भरती कागदोपत्री स्वेच्छेचीच राहिली. परंतु वरकस जमीन, खोताचा वाटा आणि चार महिन्यांत संपणारी नाचणी ज्याच्या घरी, त्याच्या स्वेच्छेला अर्थ तो किती? मनीऑर्डरीची आशा हाच त्याचा भरती-अधिकारी होता. पंजाबात तर ह्याहून उघड जुलूम झाला. काँग्रेसच्या चौकशी समितीने, जिच्यात आपले मुकुंदराव जयकर होते, १९२० साली त्याच्या साक्षी प्रसिद्ध केल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. इंग्लंडातल्या सक्तीला कायदा होता, म्हणूनच तिला दादही होती. ज्याची सदसद्विवेकबुद्धी युद्धाला नकार देई, त्याला न्यायमंडळापुढे उभे राहून तसे सांगता येत असे. ते मंडळ पुष्कळदा कठोर वागले, हे खरे. पण दार होते. आमच्याकडे सक्तीच नाही असे म्हटले, की तक्रारीलाही जागा उरत नाही!

लोकमान्यांनी हे वर्म ओळखले होते. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत त्यांनी स्वराज्याचा विषय काढताच लॉर्ड विलिंग्डन ह्यांनी त्यांना थांबविले, आणि टिळक सभा सोडून निघून गेले. सैन्याला त्यांचा विरोध नव्हता. हिंदी माणसाला अधिकारपदे मिळणार असतील तर पाच हजार माणसे देण्याची त्यांची तयारी होती आणि हमी म्हणून पन्नास हजारांचा चेक त्यांनी गांधीजींकडे पाठविला. रक्त मागता, तर हक्क द्या, एवढेच त्यांचे म्हणणे.

हक्क मिळाले काय? १९१९ च्या मार्चमध्ये रौलट कायदा मिळाला. १९१७ साली, गरज पडली तेव्हा, उभी केलेली महार पलटण १९२१ साली मोडण्यात आली.

ह्या अनुभवाचे उत्तर आमच्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमात आहे. वेठबिगारीला तेथे बंदी आहे. सार्वजनिक कामासाठी राज्याला सक्तीची सेवा घेता येते. मात्र धर्म, वंश, जात किंवा वर्ग ह्यांवरून भेद करता येत नाही. देशावर संकट आले तर नागरिकाने उभे राहिलेच पाहिजे. पण ज्याला बोलावले तो नागरिकच असला पाहिजे; वेठीला धरलेला गडी नव्हे.