सेडानची पारख मागच्या सीटवरून

दहा-पंधरा लाखांची गाडी दहा मिनिटांत पसंत करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. सदनिका घेण्यापूर्वी चार खेपा घालणारा, पाणी किती वाजता येते आणि शेजारी कोण राहते याची चौकशी करणारा गृहस्थ गाडीच्या बाबतीत मात्र शोरूमपासून पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊन परततो. सोबत विक्री प्रतिनिधी आणि फार तर धाकटा मुलगा. रस्ता शोरूमवाल्यांनीच निवडलेला, एसी आधीच गार करून ठेवलेला. अशा फेरीत कोणतीही नवी गाडी वाईट वाटत नाही. मध्यम आकाराच्या सेडानवर तर या पद्धतीने अन्यायच होतो. चार-पाच माणसे आणि त्यांचे सामान घेऊन लांब जाण्यासाठी ही गाडी घडवलेली असते, त्यामुळे तिचे गुण आणि दोष दोन्ही मागच्या सीटवर व भरलेल्या डिकीत दडलेले असतात.

मध्यम सेडान म्हणजे नेमकी कोणती, हे आधी स्पष्ट करायला हवे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि पेट्रोल असल्यास १२०० सीसी, डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले. तेव्हापासून भारतीय सेडानची दोन कुळे झाली. करात बसावे म्हणून शेपूट आखूड केलेली छोटी सेडान आणि साडेचार मीटर लांबीची पूर्ण सेडान. होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस ही दुसऱ्या कुळातील नावे. त्यातील शेवटच्या दोन पुण्याजवळच्या चाकणला तयार होतात. त्यांच्या आधी तेथेच व्हेंटो आणि रॅपिड बनत असत, तर रांजणगावला फियाटची लिनिया. मध्यम सेडानचा बराचसा संसार असा पुणे जिल्ह्यातच झालेला आहे.

अलीकडे मात्र हा संसार आटोपता झाला. टोयोटाची यारिस २०२१ मध्ये बंद झाली, मारुतीच्या सियाझने २०२५ मध्ये निरोप घेतला. प्रदूषणाचे नियम १ एप्रिल २०२३ पासून आणखी कडक झाले आणि सिटी व व्हर्नामधील डिझेल इंजिनेही गेली. ग्राहक उंच गाड्यांकडे वळला. दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची नवी रचना आली. आधी २८ टक्के कर आणि १७ टक्के उपकर मिळून ४५ टक्के भरावे लागत, ते प्रमाण दीड लिटरपर्यंतच्या या सेडानसाठी ४० टक्क्यांवर आले. छोट्या गाड्यांचा कर त्याच वेळी १८ टक्के झाल्याने दोन कुळांतील दरी मात्र रुंदावली. जास्तीचे पैसे मोजून मोठी सेडान घ्यायची, तर ती त्या पैशांचे काय देते हे तपासलेच पाहिजे.

त्यासाठी पहिली अट एकच, चाचणीला सारे घर न्यावे. विक्री प्रतिनिधी कुरकुरेल, तरी शनिवारी सकाळी तासभर गाडी मागावी आणि दार उघडून सर्वांत आधी मागे बसावे. आपल्या गाडी चालवण्याच्या स्थितीत पुढची सीट लावून त्याच्याच मागे बसले, की गुडघ्यांना उरणारी जागा कळते. ती या वर्गात बहुधा भरपूर असते. मांडीला आधार मिळतो का, हा खरा प्रश्न. बैठक आखूड किंवा जमिनीलगत असेल तर गुडघे वर येतात आणि तासाभरात कंबर बोलू लागते. छत मागे उतरते झाल्याने उंच माणसाचे डोके टेकते का, तेही पाहावे. स्लाव्हिया आणि व्हर्टसमध्ये पायाखाली मधोमध उंचवटा आहे. चौघांच्या कुटुंबाला त्याचे काही नाही, पाचव्या माणसाला नाशिकपर्यंत त्याची आठवण राहते.

अशाच एका चाचणीला मी आईला घेऊन गेलो होतो. तिचे गुडघे दुखरे. गाडीत बसून तिने हात फिरवून पाहिले, एसीची मागची झडप आपल्याकडे वळवली आणि म्हणाली, ‘बसायला छान आहे रे, पण उठवायला कुणीतरी लागेल.’ सेडानचा सर्वांत मोठा दोष तिने एका वाक्यात सांगितला होता. घरात सत्तरीचे माणूस असेल, तर त्याला तीनदा आत-बाहेर करायला लावावे. तिसऱ्या वेळी चेहऱ्यावर जे दिसेल, ते माहितीपत्रकात सापडत नाही.

मागच्या सीटवर असतानाच पट्टेही ओढून पाहावेत. मधल्या जागेला खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा तीन बिंदूंचा पट्टा आहे का, डोक्यामागे आधार आहे का, मुलाची सीट अडकवण्याचे आयसोफिक्सचे आकडे हाताला सहज लागतात का, हे बघायला दोन मिनिटे पुरतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री यांच्यासह मागे बसलेल्या दोघांचा मृत्यू झाला, पुढे बसलेले दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. गाडी महागडी होती, पट्टेही होते. पट्टा बोचतो, सापडत नाही किंवा सीटच्या फटीत जातो म्हणून घरातले तो लावत नसतील, तर तो गाडीचाच दोष मानावा.

आता सर्वांना बसवून आणि शक्य तर डिकीत दोन बॅगा टाकून निघावे. पाच प्रौढ आणि सामान मिळून साडेतीनशे-पावणेचारशे किलो सहज भरतात. रिकाम्या गाडीचे वजन अकराशे ते साडेबाराशे किलोंच्या आसपास, म्हणजे तिच्या पाऊण हिश्शावर आणखी एक पाव हिस्सा नव्हे, तर पूर्ण वजनावर जवळपास तिसरा हिस्सा आपण तिच्यावर लादतो. मागचा भाग खाली बसतो आणि जमिनीपासूनची उंची घटते. कागदावरचा आकडा, उदाहरणार्थ सिटीचे १६५ किंवा स्लाव्हियाचे १७९ मिलिमीटर, हा रिकाम्या गाडीचा असतो. त्यात मध्यम सेडानचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर, मोठे. सिटीचे २६००, व्हर्नाचे २६७० मिलिमीटर. हे अंतर जितके लांब तितकी गाडी स्थिर आणि आत ऐसपैस, पण गतिरोधकाच्या माथ्यावर तिचे पोट तितकेच टेकण्याच्या बेतात. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर हवा. तसा असेल तर कोणतीही सेडान तो सहज ओलांडते. पण आपल्या सोसायटीच्या दारातला गतिरोधक गवंड्याने अंदाजाने थापलेला असतो, आणि गाडीला रोज दोनदा तोच ओलांडायचा असतो. म्हणून चाचणीची गाडी आपल्या दारापर्यंत आणावीच. तळमजल्याखालच्या पार्किंगचा उतारही त्याच वेळी उरकून घ्यावा.

इंजिनाची पारख घाटात होते. पुण्यातल्या वाचकांनी चांदणी चौकातून पौडच्या दिशेने थोडे पुढे जावे, वेळ मिळाल्यास ताम्हिणी गाठावा. भरलेली एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी घेऊन मी त्या वळणांवर गेलो, तेव्हा तिचा स्वभाव दुसऱ्याच वळणावर कळला. टर्बो हा पंखा इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूवर फिरतो. फेरे कमी असले की वायू कमी, पंखा मंद आणि इंजिन केवळ एक लिटरचे. स्लाव्हिया-व्हर्टसच्या एक लिटर इंजिनाचा १७८ न्यूटन मीटर टॉर्क १७५० फेऱ्यांपासून मिळतो. त्याखाली वळणावर वेग पडला की मॅन्युअल गाडीत निमूटपणे खालचा गिअर टाकावा लागतो, सवय झाली की हात आपोआप जातो. सिटीचे टर्बो नसलेले दीड लिटर इंजिन १२१ पीएस देते, पण त्याचा १४५ न्यूटन मीटर टॉर्क ४३०० फेऱ्यांवर. ते शहरात लोण्यासारखे चालते, घाटात मात्र आवाज करून चढते. दीड लिटर टर्बोचे १५० पीएस वा व्हर्नाचे १६० पीएस हे मौजेचे प्रकरण आहे. मौज नाकारण्याचे कारण नाही, मात्र यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरचीच मर्यादा आहे, हे पैसे मोजताना आठवावे.

स्वयंचलित गिअरचे तीन प्रकार या वर्गात भेटतात. सीव्हीटीत पायऱ्याच नसतात. रहदारीत ती सर्वांत सुखाची, जोरात दाबल्यावर मात्र इंजिन आधी ओरडते आणि गाडी मागाहून धावते. टॉर्क कन्व्हर्टर जुना, भरवशाचा. दुहेरी क्लचची पेटी मोकळ्या रस्त्यावर विलक्षण चपळ, पण तासभर इंच-इंच सरकणाऱ्या वाहतुकीत तिचा क्लच तापतो. रोज हिंजवडीला किंवा अंधेरीला जाणाऱ्याने म्हणूनच चाचणी सकाळी नऊच्या कोंडीत घ्यावी. माझे मत विचाराल, तर चौघांचे कुटुंब, शहरातला रोजचा वापर आणि वर्षातून दोनदा कोकण, एवढ्यासाठी साधे दीड लिटर इंजिन आणि सीव्हीटी पुरे.

मायलेजच्या आकड्यावर घरात वाद होतातच. हा प्रमाणित आकडा रस्त्यावर काढलेला नसतो. प्रयोगशाळेत गाडीची चाके रुळांवर फिरवून, ठरलेल्या क्रमाने वेग वाढवत-कमी करत सुमारे वीस मिनिटांची चाचणी होते. तिचा कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आणि वातानुकूलन बंद. सिटीच्या हायब्रीड आवृत्तीचा २०२२ मधील २६.५ किलोमीटरचा दावाही असाच प्रमाणित होता. हायब्रीडचा खरा लाभ शहरातल्या थांबत्या-चालत्या वाहतुकीत होतो. पण बॅटरीने तिच्या डिकीतली बरीच जागा घेतली आहे. साध्या सिटीत ५०६ लिटर, हायब्रीडमध्ये ३०६. विमानतळावर चौघांना आणायला जाणाऱ्याने हे वजाबाकीसह लक्षात ठेवावे.

सुरक्षेच्या ताऱ्यांचा अहवालही मुळातून वाचण्यासारखा असतो. व्हर्टस आणि स्लाव्हियाला एप्रिल २०२३ मध्ये, तर व्हर्नाला ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपने पाच तारे दिले. परंतु व्हर्नाचा सांगाडा त्याच अहवालात अस्थिर ठरला होता, पहिल्या दोघींचा स्थिर. तारे सारखे, तपशील वेगळा. जाहिरातीत ताऱ्यांपुढचे कुणी छापत नाही.

शेवटी हिशोब. शोरूमच्या किमतीवर महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांच्या दरम्यान १२ टक्के मोटार वाहन कर पडतो. १० लाखांवरील गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस वसूल करतो. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण कित्येक जण पावती हरवून बसतात. विमा बाहेरून घेण्याची मुभा ग्राहकाला आहे, तेव्हा बाहेरचे दरपत्रक खिशात ठेवूनच बोलणी करावी. गाडी ताब्यात घेताना दिवसाउजेडी घ्यावी, टायरवर उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगणारे चार अंक वाचावेत आणि डिकीतल्या गालिच्याखालचे जादा चाक उचलून पाहावे. ते बाकीच्या चारांपेक्षा लहान मापाचे असेल, तर त्यावर लिहिलेली वेगमर्यादा घरातल्या सर्व चालकांना त्याच दिवशी दाखवून ठेवावी.