वाफेच्या इंजिनांची धरणे

डोंबिवली-कल्याण-अंबरनाथ पट्ट्यातले लोक पावसाळी सहलीला ज्या पाण्याकडे धाव घेतात, त्यातली दोन ठिकाणे मुळात सहलीसाठी नव्हतीच. एक अंबरनाथजवळच्या काकोळे गावचे जीआयपी धरण आणि दुसरे घाटमाथ्यावरचे, लोणावळ्याचे भुशी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज कंपनी. तिने आपल्या पाण्याची सोय म्हणून ही धरणे बांधली.

ठाण्याहून कल्याणपर्यंत गाडी १ मे १८५४ रोजी आली आणि बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. घाटातला चढ सदतीस फुटांना एक फूट. एवढा चढ चढणारे इंजिन कोळशाइतकेच पाणीही पिते, आणि ते पाणी कसलेही चालत नाही. खाऱ्या किंवा जड पाण्याने बाष्पकात क्षार साचतात, गढूळ पाण्याने गाळ. कल्याण-डोंबिवलीच्या दारात तर खाडी. म्हणून डोंगराच्या कुशीत, वस्तीच्या वर, गोडे पाणी अडवायचे आणि उताराने ते खाली आणायचे, हा सोपा मार्ग होता. भुशीचा बांध १८६० च्या दशकाच्या अखेरीस इंद्रायणीवर उभा राहिला तो याच गरजेतून.

पुढे, १९३० च्या सुमारास, पुण्यापर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि वाफेच्या इंजिनांचे राज्य ओसरत गेले. काकोळ्याच्या पाण्याला रेल्वेने नवे काम दिले. अंबरनाथच्या ‘रेल नीर’ प्रकल्पाला तेथूनच पाणी मिळते, म्हणजे इंजिनाचे पाणी आता प्रवाशाच्या बाटलीत येते. भुशीला मात्र नवे काम लोकांनी दिले. बांधावरून ओसंडणारे पाणी पायऱ्यांवरून खाली येते. त्या पायऱ्यांवर बसून भिजणे म्हणजेच लोणावळा, असे समीकरण दोन पिढ्यांत रुजले.

पण या पायऱ्या म्हणजे धरणाचा सांडवा. जादा पाणी बांधाला धक्का न लावता निघून जावे आणि पायरीपायरीवर आपटून त्याचा जोर मोडावा, हे सांड्याचे काम. दरवाजे असलेल्या मोठ्या धरणावर पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवता येतो, नदीकाठच्या गावांना निरोप धाडता येतो. मोकळ्या सांड्यावर पाणी कोणी सोडत नाही, ते आपणहून येते. वरच्या डोंगरात सर कोसळली की काही वेळाने खालचा प्रवाह फुगतो. पायरीवर बसलेल्या माणसाची डोंगराकडे पाठ असते. ३० जून २०२४ रोजी भुशीच्या मागच्या बाजूला, जलाशयाला मिळणाऱ्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेही पाण्याच्या अशाच अचानक वाढलेल्या लोंढ्यात. त्या दिवशी बांधाला काहीही झाले नव्हते.

म्हणजे सुरक्षिततेचे प्रश्न दोन आहेत, बांधाचा आणि माणसांचा. आपण एकाविषयी बोलताना दुसरा विसरतो.

बांधाचा प्रश्न जुना आहे. दगडी धरणाची रुंदी-उंची शास्त्राने कशी ठरवावी, याचा मूलभूत अहवाल स्कॉटिश अभियंते रँकिन यांनी १८७२ मध्ये लिहिला, आणि तोही मुंबई नगरपालिकेच्या कॅप्टन टुलॉक यांच्या विचारणेवरून. भुशी त्याच्याही आधीचे. पायात आणि भेगांत शिरलेले पाणी बांधाला खालून वर उचलू पाहते, हे तर १८९५ मध्ये फ्रान्समधले बूझे धरण फुटून ऐंशीहून अधिक माणसे गेल्यावर अभियंत्यांनी गांभीर्याने हिशेबात घेतले. जुने म्हणजे कच्चे, असे नव्हे. चुन्यात बांधलेली दगडी भिंत दीड शतक उभी राहू शकते. पण पाझर चुना विरघळवून नेतो, सांध्यांत झाडे मुळे धरतात, आणि पाझर कधी वाढला हे मोजल्याशिवाय कळत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्याचा लोंढा अंगावर आल्यावर १८७९ चे दगडी खडकवासलाही टिकले नाही. २ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातले तिवरे हे मातीचे छोटे धरण फुटले, वाडी झोपेत वाहून गेली, आणि गाजली ती खेकड्यांनी बांध पोखरल्याची चर्चा.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना सरसकट लागू होतो. दहा ते पंधरा मीटरच्या दरम्यानची धरणे त्यात येतात ती लांबी, साठा, पूरविसर्ग अशा काही अटींपैकी एखादी पूर्ण केली तरच. त्याखालच्या बांधांची काळजी मालकाच्या इच्छेवर राहते. आणि हा कायदा आहे बांधासाठी. सांड्यावर किती माणसांनी बसावे, हे तो सांगत नाही. ते काम जिल्हाधिकाऱ्यांच्या बंदी-आदेशावर आणि पोलिसांच्या शिट्टीवर सोपवलेले असते. ठाणे जिल्ह्यातही पावसाळ्यात धरणे-धबधब्यांभोवती असे आदेश निघतात. एखाद्या रविवारी पायऱ्या ओस पडतात, पुढच्या रविवारी पुन्हा भरतात.

निव्वळ बंदीने गर्दी दुसऱ्या, अधिक निर्जन ओढ्याकडे वळते. त्यापेक्षा जुन्या रेल्वेची शिस्त उपयोगी पडेल. सिग्नल लाल असला की गाडी थांबते, चालकाचे मत कोणी विचारत नाही. सांड्याच्या माथ्यावर रंगाची एक खूण करावी. पाणी तिला टेकले की पायऱ्या रिकाम्या करायच्या, मग ऊन पडलेले असो. पाणलोटात पर्जन्यमापक आणि एक माणूस ठेवावा, त्याने खाली वर्दी द्यावी. दर हंगामात पाझर मोजून त्याचा आकडा आणि पाण्याचा रंग नोंदवहीत लिहावा, कारण स्वच्छ पाझर वाढला तरी चौकशी हवी आणि गढूळ झाला तर त्याच दिवशी हवी. या कामांना मोठा निधी लागत नाही. लागते ते जबाबदार माणसाचे एक नाव. रेल्वे, वनखाते, नगरपरिषद आणि पोलीस यांच्या हद्दी जिथे मिळतात, तिथे नेमके तेच सापडत नाही.

इंजिने होती तोवर या पाण्यावर रोज कोणाची तरी नजर होती, कारण टाकी कोरडी पडली तर गाडी अडायची. आज त्या पाण्यावाचून गाडी अडत नाही. त्याच्या काठाशी पोरेबाळे घेऊन बसलेल्या माणसांसाठी ती नजर पुन्हा नेमायला हवी.