काच, पेन्सिल आणि पिक्सेल

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेला चित्रांचा नाद जुनाच. भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओमुळे या पेठेचे नाव महाराष्ट्रभर झाले. पेठेतल्या एका शाळेत विज्ञान शिकवता शिकवता मीही हौसेने छायाचित्रे काढू लागलो. पुढे संगणक आला आणि छायाचित्रांवर संस्कार करण्याची विद्या शिकावी असे वाटले. शिकायला बसलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ही विद्या नवी नाही; तिची हत्यारे तेवढी नवी आहेत.

निमित्त झाले शाळेतल्या एका जुन्या समूहचित्राचे. पुठ्ठ्यावर चिकटवलेला तो फोटो डागाळला होता, मधोमध चीर गेली होती. शाळेच्या कार्यक्रमासाठी तो 'नीट' करून द्यावा, असे काम माझ्याकडे आले. शेवटच्या रांगेतल्या एका मुलाने नेमक्या वेळी मान वळवली होती, त्यामुळे त्याचा चेहरा पुसट झाला होता. एक सहकारी म्हणाले, "सर, आता संगणकावर सगळं होतं म्हणे. याच्या जागी दुसरा चेहरा बसवा की!" सूचना सहज केलेली होती, पण मी थबकलो. करता येते म्हणून ते करावे का? उत्तरासाठी थोडा इतिहास पाहायला हवा.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेवर ओल्या कलोडियनचा थर देऊन निगेटिव्ह करण्याची रीत प्रसिद्ध केली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि नारायण दाजींसारखे आपले लोकही या कलेत पुढे आले. पण या काचांत एक उणीव होती. त्या निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होत्या, तर लाल-पिवळ्या प्रकाशाला जवळपास आंधळ्या. त्यामुळे आकाश कोरे पांढरे यायचे आणि चेहऱ्यावरचे तांबूस डाग प्रत्यक्षाहून काळे उमटायचे. म्हणजे कॅमेरा 'खरे तेच दाखवतो' हे पहिल्या दिवसापासूनच अर्धसत्य होते. १८७३ साली हेर्मान फोगेल यांनी थरात रंगद्रव्य मिसळून ही उणीव कमी करण्याचा मार्ग दाखवला. तोवर आणि त्यानंतरही छायाचित्रकाराच्या मदतीला होती ती साधी पेन्सिल.

निगेटिव्हमध्ये काळ्याचे पांढरे होते हे आपण वर्गात सांगतोच. चेहऱ्यावरची काळी सुरकुती निगेटिव्हवर पारदर्शक रेघ म्हणून दिसते. उतरत्या चौकटीवर काच ठेवायची, खालच्या आरशाने तिच्यातून उजेड सोडायचा आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीने ती रेघ ग्रॅफाइटने हलकेच भरायची. छापताना त्या जागेतून प्रकाश कमी जातो आणि कागदावरची सुरकुती फिकी होते. हेच रिटचिंग. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात अशा निगेटिव्हचा नमुना मांडला होता. पुढे गावोगावच्या स्टुडिओंत रिटचिंग करणारा कारागीर ही गरजेची असामी झाली.

काहींची मजल याही पुढे गेली. १८५७ साली ऑस्कर रेलांडर यांनी तीसेक निगेटिव्ह जोडून एकच मोठे चित्र छापले. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्ह जोडून मृत्युशय्येवरील मुलीचे चित्र तयार केले. ते पाहून लोक हळहळले आणि चिडलेही. एवढ्या खासगी दुःखाच्या क्षणी कॅमेरा तिथे गेलाच कसा? प्रत्यक्षात ती मुलगी आजारी नव्हतीच! चित्रकाराने मरणाचे चित्र काढले तर कोणी रागावत नाही. छायाचित्रकाराने तेच केले की लोक रागावतात. कारण छायाचित्राकडे आपण साक्षीदार म्हणून पाहतो.

आपल्या कोल्हापुरातले उदाहरण घेऊ. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे आतेमामे भाऊ पडदे रंगवण्याच्या व्यवसायामुळे 'पेंटर' म्हणून ओळखले गेले. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून पोट भरायचे आणि उरलेल्या वेळात यंत्रांशी झटायचे, असा त्यांचा क्रम. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ने त्यांना चित्रपटाचे वेड लावले. जुना प्रोजेक्टर मिळवून त्याची रचना समजून घेत त्यांनी कॅमेरा घडवण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने काम चालू ठेवले आणि १९१८ साली कॅमेरा तयार झाला. १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्यातले कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की प्रेक्षक हादरले आणि ते दृश्य काढावे लागले, असे सांगतात. करामत तीच, पण येथे फसवणूक नव्हती. आपण कथा पाहत आहोत हे प्रेक्षकाला ठाऊक होते.

आता संगणकाकडे वळू. १९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो यंत्राने वाचून संगणकात घातला. चित्र होते १७६ गुणिले १७६, म्हणजे ३०,९७६ चौकटींचे. या चौकटींना आज आपण पिक्सेल म्हणतो. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा बनवला. त्यात १०० गुणिले १०० चौकटी होत्या आणि एक चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत. १९८७ साली टॉमस नोल यांनी लिहायला घेतलेल्या प्रोग्रॅममधून, भाऊ जॉन यांच्या साथीने, फोटोशॉप तयार झाले. फेब्रुवारी १९९० मध्ये ते बाजारात आले.

या सॉफ्टवेअरमध्ये 'डॉज' आणि 'बर्न' अशी दोन साधने आहेत. त्यांची चिन्हे काय आहेत? एक तारेवर बसवलेली चकती, दुसरा मूठ वळवलेला हात. डार्करूममध्ये कागदाचा भाग उजळ ठेवायचा तर चकतीने प्रकाश अडवत आणि काळा करायचा तर हाताच्या पोकळीतून जास्त प्रकाश देत. 'अनशार्प मास्क' या नावानेही अनेक जण बुचकळ्यात पडतात, कारण चित्र रेखीव करणाऱ्या साधनाला 'अस्पष्ट' का म्हणावे? पूर्वी मूळ निगेटिव्हची जरा पुसट पॉझिटिव्ह प्रत करून ती निगेटिव्हला जोडून छापत. मोठ्या भागांतील काळेपांढरेपणाचा फरक त्यामुळे कमी होई आणि कडा मात्र उठून दिसत. संगणकही पुसट प्रत करतो आणि वजाबाकी करतो, फक्त आकड्यांची.

डाग कसा जातो ते वर्गात फळ्यावर करून दाखवता येईल. काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ मानून नऊ शेजारी पिक्सेल घ्या : ११८, १२०, १२१, ११९, २५५, १२२, १२०, ११७, १२१. मधला २५५ म्हणजे धुळीचा पांढरा ठिपका. नऊ जणांची सरासरी काढली तर सुमारे १३५ येते, म्हणजे ठिपका फिका झाला पण राहिलाच. आता संख्या चढत्या क्रमाने लावून मधली, पाचवी संख्या घ्या. ती येते १२०. ठिपका गेला! मध्यगा 'का शिकायची' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगले उत्तर कोणते?

पण सोय वाढली की मोहही वाढतो. फेब्रुवारी १९८२ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाने आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर बसावा म्हणून संगणकाने गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले आणि त्यावर बराच वाद झाला. आजची कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर नसलेला चेहराही क्षणात रचून देतात.

मी माझ्यापुरता एक नियम ठरवला. छायाचित्र टिपल्यानंतर कागदावर जे ओढवले, म्हणजे डाग, चीर, बुरशी, पिवळेपणा, तेवढे काढायचे. टिपताना प्रकाशाने जे नोंदवले त्याला हात लावायचा नाही. मान वळवलेल्या मुलाचा पुसट चेहरा हा दोष नव्हे, ती नोंद आहे. भिंगाचे झाकण काढून पुन्हा लावण्याइतका वेळ काच उघडी होती आणि त्या अवधीत एक मूल मूलच राहिले, हे तो चेहरा सांगतो. बाकीची मुले श्वास रोखून उभी होती हेही त्याच्यामुळेच कळते. दुसरा चेहरा बसवला असता तर फोटो सुबक दिसला असता, पण त्या दिवशी रांगेत नसलेला कोणीतरी कायमचा रांगेत उभा राहिला असता. आणि जो होता, तो नाहीसा झाला असता.

सहकाऱ्यांना हे पटले. चीर गेली, डाग गेले, मुलगा आपल्या जागी राहिला. मूळ पुठ्ठा तसाच जपून ठेवला आणि दुरुस्त प्रतीखाली काय काय बदलले ते दोन ओळींत लिहिले.

या खटाटोपात एक चूक मात्र झाली. शाळा, पेपर तपासणी आणि उरलेल्या वेळात संगणक, यांत कॅमेरा कित्येक आठवडे कपाटातून बाहेरच निघाला नाही. पडदे रंगवून कॅमेरा घडवणाऱ्या पेंटर बंधूंची आठवण झाली आणि थोडी लाजही वाटली. आता रविवारची पहाट रंकाळ्यासाठी राखून ठेवली आहे. तासाभरात दहाच छायाचित्रे घ्यायची, असे बंधनही घालून घेतले आहे. टिपतानाच नीट पाहिले की मागाहून दुरुस्तीला बसावे लागत नाही.

आपल्याही शाळेच्या कपाटात असा एखादा फोटो असेलच. तो विद्यार्थ्यांपुढे ठेवा आणि विचारा : यातले कोणते डाग पुसाल, आणि कोणते राहू द्याल? कारण सांगायला मात्र विसरू नका.