अखंड म्हणजे काय?

जीर्णोद्धाराची गोष्ट गावात प्रथम निघाली, तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी शंका काढली होती : "जुने देऊळ उतरविले की पूर्वापार चालत आलेले तुटले. मग नव्या देवळाला आपल्या वाडवडिलांचे देऊळ कसे म्हणावे?" ही शंका थट्टेवारी नेण्याजोगी नव्हती. समितीने या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावयास सांगितले, तेव्हा त्याच शंकेचा विचार करावा असे ठरविले.

'सातत्य' हा शब्द पुस्तकात व भाषणात राहतो. गावाच्या तोंडी आहेत ते 'खंड' आणि 'अखंड'. पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की आपण खंड पडला म्हणतो. पुढे पाऊस आला तर पीक सावरते. सावरतेच असे नाही. १९७२ साल ज्यांनी पाहिले त्यांना ते सांगावयास नको.

दुसरा शब्द वहिवाट. बांधावरच्या वाटेवरून तंटा झाला की हा शब्द निघालाच. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे एखादी वाट उघडपणे, शांततेने, हक्काने व खंड न पडता वीस वर्षे वापरली तर तिच्यावर हक्क लागतो. पण याच कायद्यात एक मोठी मार्मिक गोष्ट आहे. कोणी वाट अडविली म्हणजे लगेच खंड पडला असे कायदा मानीत नाही. अडविल्याचे कळूनही वर्षभर मुकाट बसले, तरच तो खंड ! वाट अडविणाऱ्यापेक्षा गप्प बसणाऱ्यावर कायद्याची नजर अधिक आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता देवळांकडे पाहू. वेरूळचे श्रीघृष्णेश्वर बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. त्याचा जीर्णोद्धार सोळाव्या शतकात शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी केला. अठराव्या शतकात होळकर घराण्याने, विशेषतः पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी, तो पुन्हा केला. आज तांबड्या दगडाचे जे देऊळ आपण पाहतो ते या शेवटच्या उद्धाराचे. तरी तेथे जाणारा भाविक "होळकरांच्या नव्या देवळास जाऊन आलो" असे म्हणत नाही. तो घृष्णेश्वरास जाऊन येतो.

जपानात इसे म्हणून फार प्राचीन देवस्थान आहे. तेथील मुख्य देवळे दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडाने जशीच्या तशी बांधतात, देव तेथे नेतात आणि जुनी उतरवितात. २०१३ साली हे बासष्टाव्यांदा झाले. मध्यंतरी लढायांच्या धामधुमीत शंभरावर वर्षे खंड पडला. आतील मुख्य देवळाचा विधी १५८५ साली पुन्हा सुरू झाला. गंमत अशी की आदल्याच वर्षी, शके १५०६ मध्ये, आपल्या पैठणास नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला होता. माउलींना होऊन तेव्हा सुमारे तीनशे वर्षे लोटली होती. लेखकालेखकांच्या हातून चुका व भर पडत गेली होती. ग्रंथ नुसता उतरवून घेत राहिले असते तर उतरविणे चालू राहिले असते, मात्र ज्ञानेश्वरी हळूहळू हरवली असती. नाथांनी हात घातला म्हणून ती राहिली.

आणि अलीकडचे उदाहरण. २०२० साली करोनाच्या साथीत आषाढीची पायी वारी बंद राहिली. नाथांच्या पादुका पैठणहून एसटीच्या बसने पंढरपुरास गेल्या. पायांनी चालणारी वारी चाकांवर गेली, याचे अनेकांना वाईट वाटले, मलाही वाटले. पण तुटले असे कोणी म्हटले नाही, आणि साथ ओसरताच दिंड्या पुन्हा रस्त्याला लागल्या.

आपल्या सप्ताहातच पाहावे ना. नाव 'अखंड हरिनाम सप्ताह'. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. पण सात दिवस उभा राहील असा एकही माणूस गावात नाही ! दोन-दोन तासांचे पहारे लागतात. दुसरा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात जाते. अखंड म्हणतो ते असे तुकड्यातुकड्यांचे असते. त्या वडीलधाऱ्यांना मी हेच सांगितले. ते म्हणाले, "गुरुजी, तुमचे पटले. पण बदली माणूस आलाच नाही तर?"

याचे उत्तर मजजवळ नाही. देणगीदारांनी सढळ हाताने दिले, ग्रामस्थांनी अंगमेहनत केली, दगड, सिमेंट, कळस सारे जमले. पहाऱ्याची गोष्ट पैशाने होत नाही. पूर्वी शेतावर असणारा माणूस आज पैठण रस्त्यावरच्या कारखान्यात पाळीवर असतो. रात्रपाळी करून आलेल्याने पहाटे उभे राहावे असे कोणत्या तोंडाने म्हणावे? तरी काही तरुण मंडळी सुटीच्या दिवसाप्रमाणे पहारे बदलून घेतात, तेही मी पाहिले आहे.

येत्या सप्ताहाचा तक्ता नव्या सभामंडपात डाव्या खांबाला लावला आहे. दिवसाचे पहारे भरले आहेत. रात्री दोन ते चार या वेळेपुढे अद्याप तीन दिवस नावे नाहीत. पेन्सिल दोरीने तेथेच बांधून ठेवली आहे.