‘आपले’ आणि ‘माझे’ : धागागत स्मृतीचा इतिहास

अंधेरी व विक्रोळी यांच्या दरम्यान पवई येथे १९५८ साली भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. पुढील दशकात तेथे आलेल्या मिन्स्क-२ या सोव्हिएत संगणकाची मुख्य स्मृती ४०९६ शब्दांची होती. एका वेळी एकच प्रोग्राम चालविण्याच्या त्या पद्धतीत स्मृतीतील अमुक जागा कोणाची, हा प्रश्न उद्भवत नसे. याच संस्थेतील प्रा. धनंजय ढमढेरे यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरील पाठ्यपुस्तकात मात्र एकाच प्रोग्रामात चालणाऱ्या अनेक धाग्यांचे, म्हणजे थ्रेड्सचे, विवेचन आढळते. या दोन टप्प्यांमध्ये एका लहानशा नावाचे अर्थांतर घडले.

ते नाव ‘एर्नो’. युनिक्समध्ये ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेली विनंती फसली, की कारणाचा क्रमांक या नावाच्या जागी लिहिला जाई : २ म्हणजे फाइल नाही, १३ म्हणजे परवानगी नाही. पुढे धागे आले. त्यांची स्मृती सामाईक, म्हणून एर्नोही सामाईक. एका धाग्याची विनंती परवानगीअभावी फसावी, त्याने १३ हा आकडा वाचण्यापूर्वीच दुसऱ्याच्या अपयशाने तेथे २ लिहिला जावा, आणि असलेली फाइल पहिल्याने नाहीशी समजावी, असा अनर्थ शक्य झाला.

नाव बदलणे दुरापास्त होते. सी भाषेतील असंख्य प्रोग्राम त्यावर विसंबून होते. तेव्हा रूप तेच ठेवून अर्थ बदलण्यात आला. १९९३ च्या विंडोज एनटीत प्रत्येक धाग्यास स्मृतीचे स्वतःचे खण मिळत. १९९५ च्या पॉसिक्स प्रमाणाने एर्नो प्रत्येक धाग्याचा वेगळा ठरविला. २०११ च्या सी प्रमाणाने अशा स्मृतीसाठी भाषेतच शब्द दिला. ६४-बिटी एक्स-८६ यंत्रांवरील लिनक्समध्ये चालू धाग्याच्या खासगी जागेचा पत्ता ‘एफएस’ रजिस्टरात असतो. धागा बदलताच पत्ता बदलतो. आज्ञा तीच राहते.

‘मी’ या शब्दाचेही असेच आहे. शब्द एक, बोलणारा बदलला की निर्देश बदलतो. एर्नो प्रथम सर्व धाग्यांचे ‘आपले’ होते, ते प्रत्येकाचे ‘माझे’ झाले. तथापि निरोप्याने ‘मी येतो’ हे शब्द जसेच्या तसे सांगितल्यास येणारा कोण, असा घोटाळा होतो. तद्वत् अर्धे काम दुसऱ्या धाग्याकडे सोपविले, तर तेच नाव भलत्याच जागेकडे बोट दाखविते. निरोप देताना ‘मी’च्या जागी नाव सांगावे लागते, धाग्यांनाही मूल्य स्पष्टपणे हाती द्यावे लागते.